हलीलज म्हणजे हिरडा

वीस वर्षं मेडिकलच्या काउंटरवर काढल्यावर कुठल्याही डॉक्टरचं अक्षर आपल्याला लागतं, अशी माझी घमेंड होती. ती सात ओळींच्या एका चिठ्ठीने उतरवली. तीन महिने लागले.

चिठ्ठी कैरोच्या गेनिझातली. गेनिझा म्हणजे फुस्तातच्या, जुन्या कैरोतल्या, बेन एझ्रा सिनेगॉगमधली (ज्यूंच्या प्रार्थनास्थळातली) अडगळीची खोली. देवाचं नाव असलेला कागद फेकायचा नाही, म्हणून तिथे करार, पत्रं, हिशेब, ज्यू हकिमांच्या चिठ्ठ्या, सगळंच साचत गेलं. १८९६-९७ मध्ये सोलोमन शेख्टर या अभ्यासकाने त्यातला मोठा भाग केंब्रिजला नेला. आता त्याचे फोटो घरबसल्या बघता येतात.

भाषा अरबी, लिपी हिब्रू. उर्दू देवनागरीत लिहावी तसं. अक्षरं पंधरवड्यात आली, पण हाताने लिहिलेले 'दालेत' आणि 'रेश' म्हणजे जुळी भावंडं. एका शब्दावर आठवडा गेला. वदर? वरद? निघाला 'वर्द', म्हणजे गुलाब.

पुढे 'हलीलग'. अरबी कोशात असा शब्दच नाही. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अगं, 'ज'लाही गिमेलच, म्हणजे 'ग'चंच अक्षर वापरतात. वरचं टिंब द्यायचं राहून जातं." हलीलज! म्हणजे हरीतकी, आपला हिरडा. त्याच्या चूर्णाची पाकिटं माझ्या पाठीमागच्या फळीवर होती. त्रिफळ्याला तर अरबी वैद्य 'इत्रिफल'च म्हणायचे.

मग मी सुटलेच. एक पुसट शब्द 'सुक्कर', म्हणजे साखर, म्हणून ठोकून दिला. बाईंनी विचारलं, "दुकानात अशीच देतेस औषधं?" नाही, डॉक्टरांना फोन करते. इथे कुणाला करणार?

त्यांनी मला 'मिन्हाज अल-दुक्कान'बद्दल सांगितलं. कोहेन अल-अत्तार या ज्यू औषधविक्रेत्याने १२६० मध्ये कैरोत लिहिलेलं पुस्तक, मुलाच्या हाती दुकान द्यायचं म्हणून. (दुक्कान आणि अत्तार, दोन्ही आपल्या ओळखीचे.) पहिलं प्रकरण औषधांचं नाहीच, दुकानदाराने कसं वागावं याचं आहे. 'सुक्कर' मी खोडला.

शेवटी अडलं ते हिरड्याच्या मापाशी. दिरहम कळलं, सुमारे तीन ग्रॅम. पण हिब्रूत आकड्यांसाठीही अक्षरंच वापरतात, आणि पुन्हा तीच जुळी. दालेत म्हणजे ४, रेश म्हणजे २००. बारा ग्रॅम की सहाशे? हिरडा रेचक आहे. मी बाईंना न विचारता ४ लिहिलं.