रायगडावरचा राज्याभिषेक सोहळा: पुण्याहून जाणार असाल तर हे वाचा

यंदा ६ जूनचा सोहळा रायगडावर बघितला. पुण्यातून पहिल्यांदा जाणाऱ्यांना आधी एकच सांगतो, ५ तारखेलाच गड चढा. पहाटे निघून पोचू म्हणणारे आमचे मित्र गडाच्या पायथ्याच्या पाचाडच्या अलीकडे गाड्यांच्या रांगेत अडकले आणि वर आले तेव्हा अभिषेक होऊन गेलेला.

आम्ही चांदणी चौकातून मुळशी, ताम्हिणी, माणगाव करत महाड गाठलं. वरंधा घाट जवळचा वाटतो पण पावसाच्या तोंडावर तो चालू आहे का ते विचारूनच निघा. एसटीने स्वारगेटवरून महाड, मग पुढे पाचाड. रोपवेच्या भरवशावर अजिबात राहू नका, पायऱ्याच धरा. १४०० च्या वर आहेत, कोकणातली दमट हवा जीव काढते, म्हणून ऊन उतरल्यावर सुरुवात करा, टॉर्च ठेवा आणि घसरणार नाहीत असे बूट घाला.

आणि आदल्या रात्रीचं होळीच्या माळावरचं वातावरण कुणी चुकवूच नये! एकीकडे हलगी कडाडतेय, एकीकडे शाहिरांचा पोवाडा, मधेच मर्दानी खेळाचं रिंगण, त्यात शाळकरी पोरी दांडपट्टा असा फिरवतात की बघणारा आपोआप दोन पावलं मागे सरतो. झोप वगैरे विसरा.

सकाळी मात्र उजाडायच्या आत नगारखान्यातून आत शिरा. मेघडंबरीला, म्हणजे सिंहासनाच्या जागेवरच्या छत्रीला, खेटून उभं राहायची धडपड करू नका, तिथे चेंगराचेंगरी असते. नगारखान्याच्या बाजूला थांबा, राजसदर बांधलीच अशी आहे की सिंहासनाजवळचा आवाज तिथपर्यंत येतो. मंत्र, अभिषेक, आणि मग गारद, म्हणजे महाराजांच्या बिरुदांची ललकारी, सुरू होते, "गडपती, गजअश्वपती, भूपती, प्रजापती..." आणि अख्खी सदर एका आवाजात जयजयकार करते. १६७४ साली ह्याच जागी गागाभट्ट होते, अष्टप्रधान कलश घेऊन आठ दिशांना उभे होते, इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन मुजरा करायला आला होता. त्याने सिंहासनाच्या बाजूला भाल्यांवर सोन्याची मोठ्या दातांची माशांची तोंडं आणि न्यायाचा तराजू बघितला, आणि दारातले हत्ती बघून एवढ्या अवघड वाटेने हे वर आणले कसे असा त्याला प्रश्न पडला. पायऱ्या चढून आलेल्याला हा प्रश्न बरोब्बर पटतो. हे सगळं आधी वाचून जा, उभं राहून बघताना फार फरक पडतो.

नंतर पालखी बाजारपेठेतून जगदीश्वराकडे जाते. गर्दी पालखीमागे निघायच्या आत तुम्ही पुढे जा, म्हणजे मंदिराच्या पायरीवरचं "सेवेचे ठायी तत्पर हिरोजी इंदुलकर" नीट वाचता येतं आणि महाराजांच्या समाधीचं दर्शनही शांतपणे होतं.

पाणी भरपूर घ्या, रेनकोट घ्या, पॉवर बँक घ्या, कारण वर नेटवर्क जेमतेम. रिकाम्या बाटल्या खाली घेऊन या, गडावर टाकू नका, हे अगदी कळकळीने सांगतोय. उतरल्यावर पाचाडला जिजाऊ आऊसाहेबांच्या समाधीला जाऊन या, सोहळ्यानंतर दोन आठवड्यांच्या आतच, १७ जूनला त्या गेल्या. लहान मुलं किंवा आई-बाबा सोबत असतील तर तिथीचा, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीचा सोहळा बघा, तो वेगळ्या दिवशी येतो आणि त्याला गर्दी त्या मानाने कमी असते.