सातला टीव्ही बंद का? तुम्ही विचारलंत म्हणून

फेस्ताला भेटलात की विचारता, लग्नात विचारता, परवा तर म्हापशाच्या मार्केटात बांगडे घेताना एकाने विचारलं, "तुम्ही कारगिलला होता ना, मग युद्धाच्या बातम्या लागल्या की टीव्ही बंद करून माळ घेऊन तेर्स कसला करत बसता?" मी दरवेळी काहीतरी विनोद करून सटकतो. आता एकदाच लिहून टाकतो, पुन्हा विचारू नका. विचारणारच, माहीत आहे.

आधी एक सांगतो, मी भाविक वगैरे नाही. आई सावंतवाडीकडची, आमच्या घरात प्रार्थना कोकणीत आणि भांडणं मराठीत. तेर्स म्हणजे माळेवर म्हणायची प्रार्थना, लहानपणी ती जेवणाआधीची शिक्षा होती, आजही तिसऱ्या मिस्तेरापर्यंत, म्हणजे पाचांतल्या तिसऱ्या भागापर्यंत, माझा डोळा लागतो आणि बायको कोपराने ढोसते. फौजेत रविवारी मंदिर परेड असायची, तिथेही जायचो, आरतीला टाळ्या वाजवायचो, युनिटचा देव तो आपला देव. त्यामुळे "म्हातारपणी देवाला लागला" हे तुमचं निदान चूक आहे.

आणि मला बातम्या नको आहेत असंही नाही. मला तो आवाज नको आहे. २०२५ चा मे आठवतो का? आमच्या वाड्यावरच्या खुरसाकडे, म्हणजे क्रुसापाशी, लादाइन्य ही सामूहिक प्रार्थना चाललेली, पोरं उकडलेल्या चण्यांकडे डोळे लावून बसलेली, आणि समोरच्या घरातून टीव्हीवरचा सायरन, त्यावर ओरडणारा अँकर. कराची बंदर उद्ध्वस्त झालं म्हणे. तसलं काही झालेलं नव्हतं, सकाळी सगळ्यांना कळलं, पण रात्री तर टाळ्या पडल्या ना. शेजारची चार वर्षांची पोर माझ्या पायाला मिठी मारून थरथरत होती. मग सरकारलाच चॅनलना सांगावं लागलं की कार्यक्रमात सायरन वाजवू नका, नाहीतर खरा वाजला तरी लोकांना तो नेहमीचाच वाटेल. एवढी साधी गोष्ट सांगावी लागते!

पण खरं कारण तेही नाही. खरं कारण जुनं आहे.

१९९९, द्रास. मी सिग्नलचा लाईनमन. टेलिफोनची केबल ओढायची, गोळा पडून तुटली की अंधारात चाचपडत फॉल्ट शोधून जोडायची, बस. माझ्याबरोबर साताऱ्याकडचा एक होता, नाव लिहीत नाही, त्याच्या घरच्यांना विचारलेलं नाही. तोलोलिंगचं शिखर १३ जूनला आपल्या ताब्यात आलं, त्यानंतरच्या दिवसांत एक टीव्हीवाली टीम आमच्याकडे आली. तुम्हाला वाटेल मी वैतागलो असेन. छे, मी केस विंचरले! माईक पुढे आल्यावर छाती काढून म्हणालो, सब ठीक है, हम तैयार हैं, आणि ते म्हणाले आवाज कमी आला, परत बोला, तर परत बोललो, तिसऱ्यांदाही बोललो. तो बाजूला केबलचं रीळ गुंडाळत होता, त्याला यायचंच नव्हतं. मीच हाक मारली, "अरे ये की मागे उभा राहा, आई बघेल घरी." तो आला, रीळ खांद्यावर, आणि हसला.

दुसऱ्या रात्री तो वन टनमधून, म्हणजे फौजी गाडीतून, निघाला. रस्ता वरून शत्रूला दिसायचा म्हणून गाड्या रात्रीच्या, हेडलाइट बंद करून चालायच्या. गाडी दरीत गेली. गोळी नाही, गोळा नाही. त्याची बातमी झाली नाही, होणारही नव्हती.

सुट्टीवर आलो तेव्हा त्याच्या गावी गेलो. त्याच्या आईने, काकींनी, चहा दिला आणि अगदी सहज सांगितलं की तो टीव्हीवर दिसला होता, शेजाऱ्यांनी हाक मारून नेलं, हसत होता, म्हणून त्यांनी आळीत साखर वाटली. मी तारीख विचारली. कॅसेट खाली उतरून दिल्लीला पोचून दाखवायला तीन-चार दिवस गेलेले. तोवर तो नव्हता. तार दुसऱ्या दिवशी आली. मी चहा कसा संपवला मला आठवत नाही.

बरीच वर्षं मी सगळं चॅनलवाल्यांवर ढकललं, मेसमध्ये शिव्या घातल्या. पण त्यांना काय माहीत होतं, जे शूट केलं ते त्यांनी दाखवलं. हाक मी मारली होती. त्या वेळचा मी आज समोर आला असता तर म्हणाला असता, अरे म्हाताऱ्या, मी नसतं बोलावलं तर तिला तेवढंही दिसलं नसतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही. कधी वाटतं बरोबर आहे त्याचं, कधी वाटतं कानफटात मारावी.

म्हणून सातला चर्चची घंटा झाली की मी माळ घेतो. नमान मारिये, म्हणजे मरियेची प्रार्थना, त्रेपन्न वेळा, तेवढा वेळ तोंडाला काम आणि कुणी मला "परत बोला" म्हणत नाही. तो हिंदू होता, त्याला हे चालतं का, असंही एकाने विचारलं. त्याच्या आरतीला मी टाळ्या वाजवल्यात, फिटंफाट.

काकी अजून आहेत. दिवाळीला फोन करतो तेव्हा विचारतात, "ते टीव्हीवरचं मिळालं का रे?" गेल्या पावसात भाच्याने इंटरनेटवरून एक जुना व्हिडिओ शोधून पाठवला. मी आहे त्यात, ओरडतोय. माझ्या मागे एक खांदा दिसतो आणि रीळ. चेहरा फ्रेमच्या बाहेर. त्याचाच असावा खांदा, पण रीळ आमच्यातले सगळेच उचलायचे. अजून पाठवलेला नाही. दिवाळी आली की बघू.