तुम्ही विचारलेत म्हणून: त्या माश्या काढून का टाकत नाही?

अभ्यासासाठी धरलेल्या वटवाघळाच्या अंगावर मी फुंकर घातली, लव दुभंगली आणि तळाशी तिरकी धावणारी बिनपंखी माशी दिसली की प्रश्न ठरलेला असतो: ही त्याचे रक्त पिते, तर तुम्ही ती काढून का टाकत नाही? ‘तुम्ही नेमक्या कोणाच्या बाजूच्या?’ असेही मला विचारून झाले आहे.

या माश्या बार्टोनेलासारखे रोगकारक जिवाणू बाळगतात हे मलाही ठाऊक आहे. शिवाय वटवाघूळ स्वतःच नखांनी खाजवून, दातांनी वेचून त्यांचा समाचार घेत असते. माझ्या चिमट्यावाचून त्याचे काही अडत नाही. हे उत्तर मी वर्षानुवर्षे दिले. ते खोटे नाही, पण पुरेसेही नाही.

एकदा पोट टम्म फुगलेली मादी मी कुपीत घेतली. ही माशी अंडी घालत नाही; एका वेळी एकच अळी पोटात वाढवते, तिला आतल्या ग्रंथींचे दूध पाजते आणि वाढ पुरी झाली की वटवाघळाला सोडून गुहेच्या भिंतीवर ती चिकटवून येते. हे सगळे मला पाठ होते. तरी रात्री पाहिले तेव्हा मी दचकले: तिने अळी काचेवरच ठेवली होती आणि पोटाने दाबून दाबून ती चपटी बसवत होती. सकाळपर्यंत त्या पांढऱ्या ठिपक्याचा काळपट कोश झाला, आणि रक्तावाचून आई मेली. कोश मी जपला. काही आठवड्यांनी त्यातून माशी निघाली, डोके पाठीवर दुमडलेले, आणि काचेवर गोल धावू लागली. मी कुपीभोवती मूठ मिटली, तर ती माझ्या बोटांच्या उबेकडे वळली. तिला वटवाघळावर सोडता आले असते. पण मग तुमचाच प्रश्न उलटा होऊन समोर आला: रक्त पिणारी माशी मी स्वतःच्या हाताने त्याच्या अंगावर सोडायची? मी ती अल्कोहोलमध्ये टाकली, चिठ्ठी लावली आणि ‘नमुना उत्तम आहे’ असे स्वतःला बजावले. तो उत्तम होताही. तेव्हाच्या मला आज मी निष्ठुर म्हणते, आणि तेव्हाची ती मी आजच्या मला विचारते की मग तू तरी काय केले असतेस?

नमुन्यापुरत्या माश्या मी अजूनही काढते. पोट फुगलेली मादी मात्र परत लवेत सोडते, आणि नोंदवहीत ती धरायची की नाही, यावर दरवेळी पेन अडते.