डी-सात

आमच्या लॅबमध्ये पेशंट येत नाहीत. येतात त्या ट्यूबा, बर्फाचे डबे, आणि बाळंतपण झालं की झाकणाच्या बादलीतून वार. वरच्या मजल्यावर जोखमीच्या गरोदरपणांचा विभाग, त्याला लागून बाळांच्या हृदयाचा विभाग, आणि खाली आम्ही, या दोन विभागांच्या मधल्या प्रश्नांत डोकं घातलेले. हजार जिवंत जन्मांमागे साधारण आठ ते दहा बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो. त्यातल्या बऱ्याच जणांच्या आईवडिलांना ‘का झालं?’ याचं सरळ उत्तर देता येत नाही. ते उत्तर आम्ही जनुकांत शोधतो, आईच्या रक्तात शोधतो, आणि जी वार बाकीच्या जगाच्या लेखी टाकून द्यायची वस्तू असते, तिच्यात शोधतो. बाळ जन्मलं की सगळे त्याच्यामागे धावतात, आमचे काका मात्र बादलीमागे. थंड सलाइनने धुवायचं, चार ठिकाणचे तुकडे घ्यायचे, उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचे. उशीर झाला की आरएनए तुटायला लागतो आणि मग त्या तुकड्यावर कितीही महागडं यंत्र लावा, हाती काही लागत नाही.

काका म्हणजे आमचे सर्वांत जुने तंत्रज्ञ. त्यांना सगळेच काका म्हणतात, मॅडमसुद्धा. बाकी आम्ही मोजकेच: मॅडम, एक पोस्टडॉक (म्हणजे पीएचडी झाल्यावर संशोधन करणारा), मी, आठवड्यातून दोन दिवस येणारे संख्याशास्त्रज्ञ, आणि सिस्टर. सिस्टर आमच्या समन्वयक. संमतीपत्रं त्या घेतात, नमुन्यांना कोड त्या देतात, आणि कोणता कोड कुणाचा ही यादी फक्त त्यांच्याकडे असते. ती कुलपात, पासवर्डच्या मागे. आम्हाला नावं कळूच नयेत अशी ही रचना आहे आणि ती योग्यच आहे. नाव कळलं की माणूस आकड्याकडे सरळ नजरेने बघत नाही.

तेव्हा आमचा एक अभ्यास चालू होता. गरोदर बायकांचे तीन गट केले होते. पहिल्या गटात ल्युपससारखा आजार, म्हणजे शरीराची संरक्षणयंत्रणा शरीरावरच उलटते असा, आधीच माहीत असलेल्या, दुसऱ्यात गर्भाच्या हृदयात दोष दिसलेल्या, आणि तिसऱ्यात काहीही तक्रार नसलेल्या, म्हणजे तुलनेसाठीच्या. तिन्ही गटांतल्या बायकांच्या सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरणाऱ्या पाण्यात) अँटी-आरओ नावाची अँटीबॉडी बघायची होती.

ही अँटीबॉडी आईला स्वतःला कधीकधी काहीच त्रास देत नाही. पण आयजीजी जातीच्या अँटीबॉडी वारेतून बाळाकडे जातात. एरवी ही बाळाच्या रक्षणाची सोय आहे, पण त्याच दारातून ही पण आत शिरते. मग काही बाळांच्या हृदयात, वरच्या कप्प्यांकडून खालच्या कप्प्यांकडे विजेचा संदेश जिथून जातो त्या एव्ही नोडला सूज येते आणि पुढे तिथे व्रण धरतो. वरचे कप्पे मिनिटाला १४० च्या आसपास चालतच राहतात, खालचे आपल्या मनाने ५०-६० वर. याला पूर्ण हार्ट ब्लॉक म्हणतात. एकदा पूर्ण झाला की तो उलटवता येत नाही, आणि वाचलेल्या बहुतेक मुलांना कधी ना कधी पेसमेकर बसवावा लागतो. बहुतेक वेळा हे १८ ते २४ आठवड्यांच्या दरम्यान घडतं. पण आता दुसरी बाजू: अँटी-आरओ असलेल्या शंभर आयांपैकी एक किंवा दोघींच्याच बाळाला ब्लॉक होतो. बाकीच्या ९८-९९ जणींचं बाळ या बाबतीत ठणठणीत. हा आकडा लक्षात ठेवा, त्या दिवशीचं सगळं भांडण त्याच्यावरच झालं.

एलायझा म्हणजे अँटीबॉडी रंगावरून ओळखायची तपासणी. तिची प्लेट ९६ खणांची असते. सकाळी काकांनी ती लावली. शेवटी रंगाचं द्रव्य घातलं की अँटीबॉडी असलेले खण निळे पडतात, आणि आम्ल घालून क्रिया थांबवली की निळ्याचे पिवळे होतात. मशीन नंतर वाचतं, पण जुन्या माणसाला प्लेट हातात घेतल्या घेतल्याच कळतं. पहिल्या गटाच्या ओळींत पिवळे खण असणार हे ठरलेलंच. खाली तुलना गटाच्या ओळी पाण्यासारख्या स्वच्छ. आणि त्यांच्या मधोमध दोन गडद पिवळे खण. डी-सात आणि डी-आठ.

“हे बघा,” काका म्हणाले आणि प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून माझ्याकडे सरकवली.

मी पहिल्यांदा तेच म्हणाले जे कुणीही म्हणेल: शेजारच्या खणातून थेंब उडाला असेल. काकांनी पेनाच्या टोकाने एकेक दाखवलं. प्रत्येक नमुना दोन खणांत असतो आणि दोन्ही सारखेच पिवळे. आजूबाजूचे आठ-दहा खण कोरे. पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे अँटीबॉडी नक्की असलेला नमुना, पार दुसऱ्या टोकाला. कडेचे खण वाळतात म्हणून कधी खोटं वाचन येतं, हे तर मधले. “थेंब असा दोनदा मोजून पडत नाही,” एवढं बोलून ते फ्रीजरकडे गेले. त्याच कोडची दुसरी, एकदाही न वितळवलेली ट्यूब त्यांनी उणे ८० मधून काढली. मॅडमना कळवलं. दुसऱ्या ट्यूबची तपासणी आम्ही वेगळ्या पद्धतीने केली, पट्टीवरच्या इम्युनोब्लॉटने. आरओ-५२ ची रेघ उमटली, आरओ-६० चीही, म्हणजे अँटी-आरओ ज्या दोन प्रथिनांना चिकटते त्या दोन्हींची. नुसती उमटली नाही, ठळक.

मग मी फ्रीजरची नोंदवही उघडली. तिथे नाव नसतं, पण नमुना घेतल्याची तारीख आणि तेव्हाचा गरोदरपणाचा आठवडा असतो. नमुना बाराव्या आठवड्यातला होता. तारखा पुढे मोजत गेले तर ती बाई, जी कुणी असेल ती, आता अठराव्या आठवड्यात होती.

इतके दिवस ती ट्यूब फ्रीजरमध्ये का होती? तर किट महाग असतं, म्हणून सगळीकडे करतात तसंच आम्हीही करत होतो. प्लेट भरेल एवढे नमुने साठेपर्यंत थांबायचं. संशोधनात याला काटकसर म्हणतात आणि एरवी त्यात काही वावगं नाही.

मॅडमनी सिस्टरना बोलावलं, वरून गर्भाच्या हृदयाचे डॉक्टर आले, एथिक्स कमिटीच्या सदस्य-सचिव फोनवर. काका दारात उभे होते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि “आधी तुम्ही सांगा” म्हणाल्या. मला ते फार बरं वाटलं. आमच्या क्षेत्राची सुरुवातच एका तंत्रज्ञाच्या हातांनी झाली आहे. १९४४ मध्ये निळ्या पडलेल्या बाळावर डॉ. ब्लेलॉक यांनी हृदयदोषावरची ती गाजलेली शस्त्रक्रिया केली, तेव्हा त्यांच्या मागे उभं राहून टाका कुठे आणि कसा हे सांगणारे व्हिव्हियन थॉमस डॉक्टर नव्हते, प्रयोगशाळेतले सहायक होते. कुत्र्यांवर ती शस्त्रक्रिया बसवली होती त्यांनीच. पुढच्या वर्षी निघालेल्या शोधनिबंधावर त्यांचं नाव नव्हतं. मानद डॉक्टरेट मिळायला १९७६ उजाडलं.

असो. सिस्टरनी संमतीपत्र आणलं होतं, नावाचा भाग झाकून. आमच्या फॉर्मवर शेवटी तीन चौकटी असतात. तपासणीत तुमच्या तब्येतीशी संबंधित काही आढळलं तर: कळवा, कळवू नका, किंवा त्यावर काही उपाय शक्य असेल तरच कळवा. तिने तिसऱ्या चौकटीत खूण केली होती.

पोस्टडॉक म्हणाला, उपाय आहे का? पूर्ण ब्लॉक उलटत नाही. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनच्या गोळ्यांनी धोका कमी होतो याचा चांगला पुरावा २०२० चा आहे, पण तो आधीच्या बाळाला ब्लॉक झालेल्या आयांमधला, आणि गोळ्या दहाव्या आठवड्याच्या आत सुरू केलेल्या. हिचा तो काळ गेला. ब्लॉक अर्धवट असताना पकडला तर स्टेरॉइड देतात, पण त्याच्या उपयोगाबद्दलही मतभेद आहेत. आणि चांगल्या ठोक्यांवरून पूर्ण ब्लॉकवर जायला कधीकधी एक दिवससुद्धा लागत नाही, मग आठवड्यातून एकदा इको (हृदयाची सोनोग्राफी) करून काय पकडणार? शंभरातल्या ९८ जणींना आपण फुकट घाबरवणार. तिने विचारपूर्वक तिसरी चौकट निवडली आहे, तिचा मान राखा.

मला मान्य करावं लागलं की त्याचं एकही वाक्य चुकीचं नव्हतं.

डॉक्टरांचं म्हणणं वेगळं होतं. बाळाला पूर्ण बरं करणं एवढाच उपाय नसतो. घरच्या घरी डॉप्लरने, म्हणजे ठोके ऐकवणाऱ्या छोट्या यंत्राने, दिवसातून दोन-तीनदा ठोके ऐकायला आयांना शिकवता येतं, ठोका अडखळला की काही तासांत इथे यायचं. बाळंतपण कुठे करायचं ते ठरवता येतं, जन्मल्याबरोबर ईसीजी काढता येतो. या बाळांना कधी कातडीवर चट्टे उठतात, उन्हाने वाढतात, आईच्या अँटीबॉडी काही महिन्यांत ओसरल्या की जातात. ते माहीत नसलं तर उगाच भलतेच उपचार होतात. पुढच्या खेपेला गोळ्या वेळेवर सुरू करता येतील. आणि बाळ बाजूला ठेवा, खुद्द तिला पुढे डोळे-तोंड कोरडं पाडणारा स्योग्रेन किंवा ल्युपस होऊ शकतो, तो लवकर ओळखता येईल. “शंभरात दोन हा आकडा तुम्हाला लहान वाटतो,” ते म्हणाले, “कारण तुम्ही त्या दोघांना भेटत नाही. मी भेटतो.”

फोनवरच्या बाईंनी शेवटी मार्ग काढला. आपला निकाल संशोधनातला आहे, दवाखान्यातला नाही. तो कुणाच्याही फाइलमध्ये जाऊ शकत नाही. म्हणून निकाल कळवायचा नाही. एक गोष्ट दिसली आहे, ती पक्की नाही, नव्याने रक्त देऊन मान्यताप्राप्त लॅबमध्ये तपासायची का एवढं विचारायचं. हो-नाही तिने ठरवायचं.

फोन सिस्टर करणार होत्या. त्यांनी काय बोलायचं ते आधी कागदावर लिहिलं. “काळजी करण्यासारखं काही नाही” हे पहिलंच वाक्य त्यांनी खोडलं. मी का म्हणून विचारलं. म्हणाल्या, हे ऐकलं की माणूस पुढचं काही ऐकतच नाही, आणि शिवाय ते खरं आहे का? नंतर “आमच्या नियमानुसार” खोडलं. मग “एक छोटीशी गोष्ट”. कागदावर शेवटी चार ओळी राहिल्या. नाव कानावर पडू नये म्हणून आम्ही सगळे बाहेर आलो. काचेतून दिसत होतं, त्या बोलत कमी होत्या आणि ऐकत जास्त.

ती येते म्हणाली, त्याच दुपारी. तिने एकच विचारलं होतं, “बाळ बरं आहे ना?” सिस्टरनी सांगितलं, “ते मला माहीत नाही. पण आज बघता येईल.” नंतर गप्पांत सहज निघालं की वर्षभर डोळे कोरडे पडतात म्हणून ती थेंब घालते. स्क्रीनमुळे असेल असं तिला वाटत होतं.

इको वर झाला. गर्भाचा ईसीजी सहज काढता येत नाही, म्हणून डॉप्लरच्या लहरींवरून वरचे कप्पे आकसल्यापासून खालच्यांतून रक्त सुटेपर्यंतचा वेळ मोजतात. १५० मिलिसेकंदांच्या वर गेला तर लक्षण बरं नाही. तिच्या बाळाचा १३० च्या जवळपास निघाला. डॉक्टरांनी खाली येऊन तेवढंच सांगितलं आणि परत गेले, त्यांची ओपीडी तुंबली होती. दवाखान्याच्या लॅबचा निकाल दोन दिवसांनी आला, आमच्यासारखाच.

पुढे दर आठवड्याला इको झाले, सव्विसाव्या आठवड्यापर्यंत. घरी डॉप्लर दिला. बाळाला ब्लॉक झाला नाही. म्हणजे ती ९८ मधली निघाली, आणि पोस्टडॉक म्हणाला, “बघा.” तोही खरा. सिस्टरच्या सांगण्यावरून त्या आठवड्यांत ती रात्री उठून उठून ठोके ऐकायची. आम्ही तिला काय दिलं आणि तिचं काय काढून घेतलं याचा हिशोब माझ्याच्याने अजून होत नाही. आज पुन्हा तसा खण पिवळा दिसला तर मी फोन कराच म्हणेन. पण तेव्हा म्हणाले असते तितक्या झटकन नाही.

अभ्यासात तिचं काय करायचं यावरही वाद झाला. मला वाटत होतं, आता ती ‘निरोगी’ गटात कशी राहील? संख्याशास्त्रज्ञांनी ऐकून घेतलं नाही. गट रक्त तपासण्याआधी ठरले होते. निकाल बघून माणसं हलवायला लागलात तर तुलना कशाशी करणार? ती तिथेच राहील, आणि तिच्यासारख्या निरोगी दिसणाऱ्या बायका असतात हाही त्या गटाचा निष्कर्षच. बाळंतपणानंतर वार आली तेव्हा काकांनी ती तुलना गटाच्याच कप्प्यात ठेवली.

एक गोष्ट मात्र लगेच बदलली. प्लेटच्या आठ-आठ खणांच्या पट्ट्या सुट्या होतात. या तपासणीसाठी आता आम्ही प्लेट भरायची वाट बघत नाही. नमुना आला की त्याच आठवड्यात एखाद-दोन पट्ट्या लावतो. दर वेळी स्टँडर्ड आणि कंट्रोल नव्याने घालावे लागतात, त्यामुळे किट लवकर संपतं आणि खरेदी विभाग मॅडमना दर तिमाहीला पत्र पाठवतो.

तिसऱ्या चौकटीचा नवा मसुदा अजून फिरतो आहे. उपाय शक्य असेल तर, असं मोघम ठेवायचं नाही यावर एकमत आहे. पोस्टडॉकला तिथे शंभरात किती हा आकडा हवा. सिस्टर म्हणतात, बाराव्या आठवड्यात ओकाऱ्यांनी हैराण झालेल्या बाईला फॉर्मवर आकडा वाचायला लावू नका, मी तोंडी सांगेन. यावर एथिक्स कमिटीने दोघांनाही पुढच्या बैठकीला बोलावलं आहे.