रविवारची मॅच मंगळवारी

१८ मे २०२५, रविवार. आमच्या उन्हाळी खो-खो शिबिराचा शेवटचा दिवस होता. संध्याकाळी पाचला मुलींच्या चार संघांच्या मॅचेस, मग बक्षिसं, मग सगळ्यांना भेळ, असा बेत होता. मैदान आखायचं म्हणून मी पहाटेच फक्कीची पिशवी घेऊन शाळेत गेले. खांब आदल्या रात्रीच रोवून ठेवले होते. पहिली मधली रेघ ओढत होते तेव्हा अक्कलकोट रोडच्या बाजूने बंबांचे आवाज यायला लागले. एक गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. तिकडचं आभाळ काळवंडलेलं दिसत होतं.

सोलापूरच्या पूर्व भागात राहणाऱ्या माणसाला अशा वेळी काही विचारावं लागत नाही. तिकडे एमआयडीसी आहे, टॉवेलचे नि चादरीचे कारखाने आहेत, आणि आमच्या शाळेतल्या बहुतेक मुलींच्या घरातलं कुणी ना कुणी अशाच एखाद्या मागावर उभं असतं. आई विड्या वळते, बाप माग चालवतो, पोरगी शाळेत येते. मी वीस वर्षं अशाच पोरींना खो-खो शिकवते आहे.

टॉवेलच्या कारखान्याला लागलेली ती आग होती. कारखान्याच्या आवारातच मालकाचं कुटुंब राहत होतं. मालक, त्यांच्या घरची माणसं, कामगार असे मिळून ८ जण गेले, आणि त्यात लहान मूलही होतं. सकाळी मात्र आम्हाला आकडा माहीत नव्हता. आत माणसं आहेत, एवढंच सगळे म्हणत होते.

सहाला मुली आल्या. रोज येतात तशाच, कुणी सायकलवर, कुणी कुंभारीजवळच्या विडी कामगारांच्या घरकुलातून सहा सीटच्या रिक्षात दहा जणी. त्या मैदानात उतरल्याच नाहीत, फाटकापाशी घोळका करून उभ्या राहिल्या. आमची सगळ्यात चपळ धावक भिंतीला टेकून फोन लावत होती. तिचे वडील रात्रपाळीला होते. त्यांचा कारखाना वेगळा होता, पण त्याच भागात. फोन लागत नव्हता.

मी तिच्याजवळ बसले. काय बोलायचं ते सुचेना. नऊ वाजेपर्यंत आम्ही दोघी पायरीवर बसून होतो आणि बाकीच्या मुली आपणहून खाली मातीत बसल्या, पाटीवर बसतात तशा, पण सगळ्यांची तोंडं एकाच बाजूला, फाटकाकडे. नऊला तिचे वडील स्वतःच आले. फोनची बॅटरी संपली होती. आग बघायला आणि जमेल ती मदत करायला ते तिकडेच थांबले होते. कपड्यांना धुराचा वास येत होता. पोरगी त्यांना बिलगली नाही की रडली नाही, नुसती म्हणाली, "घरी चला, अम्मा वाट बघतीय." ते गेले तेव्हा कुठे मला आठवलं, की संध्याकाळी आपला कार्यक्रम आहे.

दहाला आम्ही चौघं शिक्षक स्टाफरूममध्ये बसलो. आमच्यातले ज्येष्ठ सर खेळवायचं म्हणत होते. त्यांचं म्हणणं मला आजही चूक वाटत नाही. ते म्हणाले, "युद्धासारखी परिस्थिती झाली म्हणून आयपीएल आठवडाभर बंद होती. ती कालच परत सुरू झाली. आज तर दोन मॅचेस आहेत. देशाचं चालतं, मग आपल्या पोरींचंच का थांबवायचं? २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला आणि त्याच डिसेंबरात सचिनने चेन्नईला शतक ठोकून सामना जिंकून दिला. तेव्हा मुंबईच्या माणसाला केवढा धीर आला होता!"

मला ती खेळी पाठ आहे. ३८७ धावांचा पाठलाग, सचिन नाबाद १०३. पण त्याआधी काय झालं होतं तेही आठवतं. इंग्लंडचा संघ उरलेले दोन एकदिवसीय सामने न खेळता मायदेशी गेला होता. दोन आठवडे गेले, मग ते परत आले, मग कसोटी झाली. ते शतक आपल्याला गोड वाटतं, कारण मधले दिवस कुणी खेळाने भरून काढले नव्हते. मी सरांना एवढंच म्हटलं, की सर, आज पहिला दिवस आहे, अजून माणसं बाहेर काढतायत.

बी.पी.एड.ला, म्हणजे शारीरिक शिक्षणाच्या पदवीला, असताना आम्हाला म्युनिकचं ऑलिंपिक होतं अभ्यासाला. १९७२ साली तिथे अतिरेकी हल्ल्यात इस्राएलच्या संघातल्या ११ जणांचा जीव गेला आणि स्पर्धा ३४ तास थांबली. मग स्टेडियममध्ये शोकसभा घेऊन ऑलिंपिक समितीच्या अध्यक्षांनी सांगितलं, की खेळ चालूच राहिले पाहिजेत. परीक्षेत मी तो निर्णय योग्य कसा यावर दीड पान लिहिलं होतं, मार्कही चांगले पडले होते. त्या पायरीवर एका पोरीजवळ तीन तास बसून आल्यावर मला ते दीड पान नको झालं. ३४ तास पुरे झाले हे ठरवणाऱ्यांमध्ये त्या अकरा घरांतलं कोण होतं?

दुसऱ्या मॅडम म्हणाल्या, रद्दच करून टाकू, पोरांना घरी पाठवू. त्यावर मात्र माझं मन घेईना. याला कारण १९९३. किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा मी सातवीत होते. ३० सप्टेंबरची पहाट, चारला थोडी मिनिटं कमी. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. इथे सोलापुरातही भांडी वाजली, आम्ही सगळे अंगणात आलो. पुढचे दिवस जखमींना घेऊन गाड्या सिव्हिलला येत होत्या. आमच्या बाईंनी खो-खोचा सराव बंद केला, पण आम्हाला घरी बसवलं नाही. संध्याकाळच्या त्याच वेळेला आम्ही संघ म्हणूनच गल्लोगल्ली फिरून भाकऱ्या नि चटणी गोळा करायचो आणि गाडीत भरून द्यायचो. दहा-बारा दिवसांनी बाईंनी शिट्टी काढली. तेवढे दिवस आम्ही रोज भेटत होतो म्हणून पुन्हा पाटीवर बसता आलं. घरी बसलो असतो तर भीतीच बसली असती.

चर्चा चालू असतानाच एक फोन आला. बक्षिसांसाठी ज्यांना बोलावलं होतं त्यांचा. कार्यक्रम ठेवाच म्हणाले, आधी दोन मिनिटं श्रद्धांजली घेऊ, मी बोलतो, मग सुरू करू. बॅनर बदलून घेता येईल का, असंही विचारलं. मी नाही म्हटलं. फार राग आला होता, आवाज चढला असेल. अशा वेळी मुलांनी खेळूच नये म्हणणाऱ्यांना मला हे सांगायचंय, की अशा दिवशी बोचतो तो खेळ नव्हे. बोचतात ते हार, हलगी, स्टेज, माईक. खो-खोला काय लागतं? दोन खांब, माती आणि अठरा पोरी. बाकी सगळं मोठ्यांना लागतं.

शेवटी आम्ही मुलींनाच विचारलं. हे आधी सुचायला हवं होतं. ऊन चढलं होतं, सगळ्या वऱ्हांड्यात सावलीला बसल्या. बराच वेळ कुणी बोलेना. मग आमची कर्णधार उठली. नववीतली पोरगी. म्हणाली, "मॅडम, उद्या सकाळी कारखाने चालू होणार की ओ. पाळी चुकवली तर पगार कापतात. माझा भाऊ जाणार. मग आमचंच का बंद करायचं?"

तिच्या पाठीमागून एक बारीक आवाज आला, "पण आज नको."

कोण बोललं ते मी पाहिलंसुद्धा नाही. त्या दोन वाक्यांवर आम्ही ठरवलं. आज नको. बंदही नको. सोमवारी अंत्यविधी असतील, सोमवारही सोडू. मंगळवारी खेळू. पाहुणे नाहीत, बक्षीस नाही, हलगी नाही. ज्येष्ठ सर लगेच मान्य झाले, फक्त त्यांनी एक गोष्ट बोलून दाखवली. "काही पोरी गावाला जाणार आहेत. त्यांची मॅच बुडेल." मला ते ऐकू आलं होतं. मी तेव्हा त्याला फार किंमत दिली नाही.

संध्याकाळी घरी जाताना आमच्या गल्लीत दोन घरांत टीव्हीवर आयपीएल लागलेली होती. कुणीतरी सिक्स मारला आणि पोरं ओरडली. माझ्या पोटात कळ आली. तेवढ्यात शेजारच्या ओट्यावर बसलेला माणूस दिसला. मागावर काम करतो, दिवसभर तिकडेच होता. तो खिडकीतून तीच मॅच बघत होता, चेहरा अगदी कोरा. त्याला त्या वेळी डोळ्यांसमोर दुसरं काहीतरी हवं होतं. त्याच्याकडे पाहून माझा राग ओसरला. माझ्या मुलींना आज नको होतं, त्याला आजच हवं होतं. दोघांचं खरं.

मंगळवारी मुली आल्या. शांतता पाळा वगैरे मी म्हटलं नाही. नाणेफेकीआधी सगळ्यांना गोल बसवून विचारलं, तुमच्या घरचे जिथे काम करतात तिथे बाहेर पडायला दारं किती आहेत? कुणालाच माहीत नव्हतं. सुताची धूळ छताला लोंबते, तयार मालाचे गठ्ठे वाटेत रचलेले असतात, हे मात्र सगळ्यांना माहीत होतं. घरी जाऊन विचारा म्हटलं. पुढच्या आठवड्यात एकीने वहीत नकाशा काढून आणला. एक दार. दुसऱ्यासमोर गठ्ठे.

मॅच चांगली झाली. पहिल्या डावात आमच्या चपळ धावकीने तीन मिनिटांच्या वर संरक्षण केलं. तिचे वडील फाटकाबाहेर उभे राहून बघत होते, पाळीला जायच्या आधी. आत या म्हटलं तर हात हलवून नको म्हणाले. टाळ्या वाजल्या. मला वाटलं होतं तशा त्या कानाला खटकल्या नाहीत.

पण मैदानातल्या एका चौकात, पाटीवर, दुसरीच पोरगी बसली होती. तिथली मूळची मुलगी, आठवीतली, सोमवारी रात्रीच्या गाडीने आजोळी गेली, तिकडे तेलंगणात सिरसिल्ल्याला. तिकिटं आधीची काढलेली. तीन आठवडे ती फक्त एकच गोष्ट शिकत होती, खांबाला धरून सूर मारून गडी बाद करणं. गुडघे दोनदा फुटले होते. शनिवारी पहिल्यांदा तिला ते बरोबर जमलं होतं आणि रविवारी मॅचमध्ये करून दाखवायचं होतं. सरांनी बजावलं होतं ते हेच. रविवार टाळला याचं मला आजही वाईट वाटत नाही. तिचं मात्र वाटतं, आणि एकामुळे दुसरं कमी होत नाही.

जूनमध्ये शाळा उघडली. पहिल्याच दिवशी मधल्या सुट्टीत ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"मॅडम, ती मॅच झाली का ओ?"

"झाली."

"माझ्या जागी कोण होतं?"

मी सांगितलं.

"तिने सूर मारला?"

"नाही. तिला येत नाही."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग मैदानात गेली, खांबावरून हात फिरवला आणि तिथूनच ओरडली, "मॅडम, खांब खरबरीत झालाय. घासून द्यायला लागतंय."

मी पॉलिश पेपर आणायला स्टाफरूमकडे वळले.