गाड्यांपासून आडोसा

मागच्या मे महिन्यातल्या एका शनिवारी सकाळी सव्वासहाला मी आम्स्टरडॅमजवळच्या आम्स्टलव्हेनमधल्या आमच्या बिल्डिंगखाली सायकल घेऊन उभी होते. सायकलच्या आडव्या दांडीवर कागदी चिकटपट्टी लावली होती आणि तिच्यावर बॉलपेनने आकडे लिहिले होते, दोन ओळींत, एकाखाली एक. ते आकडे म्हणजे माझा त्या दिवसाचा रस्ता. शंभर किलोमीटर, आणि जमेल तितके गाड्यांशिवाय. त्या सकाळपर्यंत पोचायला मला सव्वा वर्ष लागलं.

नेदरलँड्समध्ये राहतेस म्हटल्यावर घरच्यांना वाटतं, तिथे काय, सायकल काढायची आणि निघायचं. भाजीला, स्टेशनला, ऑफिसला जायचं तर ते खरंच आहे. पण मला रेसची सायकल घेऊन लांब जायचं होतं. सांगलीत मी हाफ पायडल मारत सायकल शिकले आणि पुढे कॉलेजची सगळी वर्षं मिरज रस्त्यावर ट्रकच्या हॉर्नने अंग चोरत चालवली. रस्त्यावर एकटीने, कानात फक्त चेनचा आवाज ठेवून चालवायची इच्छा तेव्हापासूनची.

सुरुवातीला फोनचा नकाशा सांगेल तसं जायचे. तो सर्वांत जवळचा रस्ता दाखवतो, आणि सर्वांत जवळचा रस्ता बहुतेक वेळा मोठ्या रस्त्याला चिकटून जातो. सायकलची पट्टी वेगळी, मध्ये गवत, धोका काहीच नाही. पण तासभर शेजारून ट्रक घोंगावत जातात. घरी आल्यावर डोकं भणभणायचं.

मग शेजारच्या निवृत्त मास्तरांनी मला आकडे वाचायला शिकवलं. इथे जवळजवळ प्रत्येक आडवाटेच्या फाट्याला एक क्रमांक असतो. त्याला ‘क्नोपपुंट’ म्हणतात, म्हणजे गाठीची जागा. पांढऱ्या पाटीवर हिरवा आकडा आणि बाण. आपण फक्त आकड्यांची माळ लिहून घ्यायची आणि एकीकडून दुसरीकडे जायचं. ही पद्धत मूळची बेल्जियमची. खाणीत काम केलेल्या ह्यूगो बोलेन नावाच्या इंजिनिअरने खाणीतल्या बोगद्यांच्या फाट्यांना असतात तसे क्रमांक सायकलच्या वाटांना दिले, आणि 1995 मध्ये बेल्जियमच्या लिम्बुर्ग प्रांतात पहिलं जाळं उभं राहिलं. आकडे दोनच अंकी, त्यामुळे थोडं लांब गेलं की तेच पुन्हा येतात. नुसता आकडा पाहून वळायचं नाही, आधीचा आणि पुढचाही जुळतो का बघायचं, हे मी एकदा भलत्याच गावात पोचल्यावर शिकले.

पण हे जाळं निवांत फिरणाऱ्यांसाठी आखलेलं आहे. कुठे शिंपल्यांच्या चुऱ्याची वाट, कुठे विटांची फरसबंदी. माझ्या बारीक टायरला ते सोसेना. पहिल्या दोन महिन्यांत तीन पंक्चर झाले. मग आकडे आणि सायकलस्वारांच्या संघटनेचा, म्हणजे फीट्सर्सबोंडचा नकाशा, असे दोन्ही शेजारी उघडून मी मार्ग जुळवायला लागले. त्या नकाशावर मला एक शब्द भेटला, ‘आउटोलूव’. आउटो म्हणजे मोटार आणि ‘लूव’ म्हणजे वारा लागत नाही अशी जागा, आडोसा. गाड्यांपासून आडोसा असलेला रस्ता! ज्या सपाट देशात वाऱ्याला अडवायला टेकाड नाही, तिथे वाऱ्याचाच शब्द गाड्यांसाठी वापरला आहे. मला तो इतका आवडला की मी तो आईला फोनवर समजावून सांगितला.

असा आडोसा कुठे सापडतो याचं माझं उत्तर एकच आहे: जुन्या नदीच्या काठाने. मोटारींना घाई असते, त्यांच्यासाठी सरळ हमरस्ते बांधले. नदी मात्र वळतेच, आणि तिच्या काठचा बांधही वळतो. काही काठांवर पूर्वी घोडे दोरीने नावा ओढत, त्या वाटेला अजून ‘याखपाड’ म्हणतात. अशा रस्त्यावर फक्त तिथे राहणारी माणसं येतात, कारण दुसऱ्या कुणाला तिथून कुठे पोचायचंच नसतं.

पहिल्या पावसाळी शरदात मी पडले. मास्तरांच्या मागे अगदी चिकटून चालवत होते. वाटेच्या मधोमध लाल-पांढरा खुंट होता, मोटारी आत शिरू नयेत म्हणून लावलेला. त्यांनी हात पाठीमागे नेऊन खूण केली, ‘पाल्त्ये!’ असं ओरडले, पण मला तेव्हा तो शब्दच माहीत नव्हता. हँडल खुंटाला लागलं आणि मी गवतात गेले. मनगटाला बारीक चीर, सहा आठवडे प्लास्टर. ज्या खुंटामुळे ती वाट माझी होती, त्यालाच मी धडकले होते. प्लास्टरच्या दिवसांत मी हे शब्द घोकले: पाल्त्ये म्हणजे खुंट, ‘टेखन’ म्हणजे समोरून कुणी येतंय, ‘आख्तर’ म्हणजे मागून. रस्त्यावरचे पांढरे त्रिकोण, ज्यांना इथे शार्कचे दात म्हणतात, त्यांची टोकं आपल्याकडे असतील तर थांबून दुसऱ्याला जाऊ द्यायचं. आणि खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला. गटात चालवणाऱ्या प्रत्येक नवख्याने हे आधी पाठ करावं, सायकल नंतर घ्यावी.

वारा मात्र घोकून येत नाही. पोल्डरमध्ये, म्हणजे पाणी उपसून राखलेल्या जमिनीत, क्षितिजापर्यंत गवत आणि चर. डोंगर नाही म्हणून लोकांना सोपं वाटतं. पण घाटाला माथा असतो, समोरच्या वाऱ्याला नसतो. सपाटीवर मी ताशी 27 ने जाते, तीच बोफर्ट या वाऱ्याच्या मापाने पाचच्या वाऱ्यात 17 वर येते, आणि ते तासभर चालतं. हे लोक त्याचीही स्पर्धा घेतात: ऑस्टरस्केल्डच्या समुद्री बांधावर, गिअर नसलेल्या साध्या सायकलींवर, साडेआठ किलोमीटर, वादळी वाऱ्याच्या तोंडावर. मी वाऱ्याशी भांडणं सोडून त्याला मार्गात धरायला शिकले. इथे वारा बहुधा नैर्ऋत्येकडून येतो. म्हणून आधी दक्षिणेला आणि पश्चिमेला जायचं, अंगात ताकद असताना, आणि घरी येताना तो पाठीवर घ्यायचा.

तर तो शनिवार. मास्तरही सोबत होते. औडरकेर्कच्या पुढे रोंडे हूप या पोल्डरच्या काठाने निघालो. हा गोल पोल्डर मध्ययुगातला, आत रस्ताच नाही, फक्त गवताचे लांब पट्टे. बांधावरून चालवताना डावीकडे वाव्हर नदीचं पाणी पायडलच्या थोडंसंच खाली होतं, आणि उजवीकडे गाई चांगल्या पुरुषभर खाली चरत होत्या. पाणी वर, जमीन खाली. शतकानुशतकं पाणी उपसल्यामुळे इथली पीटची, म्हणजे अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची, माती बसत गेली आहे. गवतातून ख्रुटो ओरडत उठला, स्वतःचंच नाव घेतल्यासारखा. लांब चोचीचा, विटकरी मानेचा हा इथला राष्ट्रीय पक्षी. याच जातीचे पक्षी मी भिगवणला उजनीच्या चिखलात पाहिले होते. इथले हिवाळ्यात आफ्रिकेकडे जातात, आपल्याकडे येणारे वेगळे. तरी मी सायकल थांबवली.

आबकौडेनंतर खाइन नदी. चित्रकार मोंद्रियानने चौकोन रंगवण्याच्या आधी इथल्या पवनचक्क्या रंगवल्या होत्या. पुढे आम्स्टरडॅम-र्‍हाइन कालव्यावरचा लिनीब्रुख, 2018 मध्ये खास सायकली आणि पायी चालणाऱ्यांसाठी उघडलेला पूल. त्या दिवसातला एवढाच काय तो चढ. पलीकडे फेख्त नदी, काठावर जुन्या व्यापाऱ्यांच्या हवेल्या, आणि ब्रोकेलेन, ज्याच्यावरून न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनला नाव मिळालं.

लूनेनला कॉफी घेताना मास्तर म्हणाले, “हे असंच होतं असं समजू नकोस. 1971 साली या देशात रस्त्यांवर 3300 माणसं मेली, त्यात चारशेहून जास्त मुलं. आईबाप रस्त्यावर उतरले. आंदोलनाचं नावच होतं, मुलांच्या हत्या थांबवा.” मग 1973 चं तेलसंकट आलं, आणि नोव्हेंबरपासून रविवारी मोटारी बंद. ते तेव्हा शाळेत होते. हमरस्त्याच्या मधून सायकल चालवल्याचं सांगताना त्यांनी कपबशी बाजूला सारून टेबलावर बोटाने सरळ रेघ ओढली.

कामेरिकपासून पश्चिमेला वळलो आणि वाऱ्याने गाठलं. मास्तर पुढे, मी तिरकी मागे. दर दोन मिनिटांनी अदलाबदल. बोलणं बंद. मग मैये नावाच्या ओढ्याचा रस्ता लागला. तो मला साऱ्या देशात सर्वांत प्रिय आहे: एका गाडीपुरता रुंद, प्रत्येक घराला स्वतःचा छोटा पूल, दारात विकायला ठेवलेली अंडी आणि पैशांचा डबा. त्या पूर्ण रस्त्यावर मला दोन मोटारी आणि एक ट्रॅक्टर भेटला. ट्रॅक्टरवाल्याने इंजिन बंद करून आम्हाला जाऊ दिलं.

दे हूफच्या पुढे वारा पाठीशी आला. आउटहोर्नपासून आम्स्टल नदीच्या काठाने मी पायडलवर जोर न देता ताशी 33 ने चालले होते, आणि टायरचा आवाज तेवढा ऐकू येत होता. घरी पोचले तेव्हा 101 किलोमीटर झाले होते. घामाने चिकटपट्टीवरची शाई पसरली होती, शेवटचे चार आकडे वाचताच येत नव्हते.

संध्याकाळी बाबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न, “ट्रक किती लागले वाटेत?”

“एकही नाही, बाबा.”

ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “परत सांग, कुठून कुठून गेलीस.”