समेच्या आधीचे शब्द

ग्रीनफिल्डच्या गायडिंग स्टार ग्रेंज हॉलमध्ये कॉन्ट्रा डान्स या जोडीजोडीने करायच्या लोकनृत्याला जायला लागले तेव्हा माझं सगळं लक्ष पायांकडे असायचं. मॅसॅच्युसेट्समधलं हे लहानसं शहर या नाचाच्या वेडासाठी ओळखलं जातं. समोरासमोर उभ्या दोन लांब ओळी, स्टेजवर फिडल आणि पियानो, आणि माइकपाशी कॉलर, म्हणजे पुढची हालचाल पुकारणारी बाई. चार-पाच वेळा जाऊन आल्यावर एका संध्याकाळी मी नाचलेच नाही. बाकावर बसून फक्त तिच्याकडे बघत राहिले.

कॉन्ट्राची धून बहुतेक ३२ बारची; बार म्हणजे दोन मात्रांचा तुकडा. आठ-आठ बारचे दोन भाग, प्रत्येक दोनदा वाजणार. पावलांनी मोजलं तर ६४ मात्रांचं आवर्तन, मिनिटाला साधारण ११० ते १२० मात्रांच्या लयीत. अर्ध्या मिनिटात संपतं. तेवढ्यात शेजारच्या जोडीबरोबरची सगळी नक्षी पुरी करून आपण एक जागा पुढे सरकतो, समोर नवी जोडी येते.

मग कॉलर "स्विंग", म्हणजे जोडीदाराला धरून गरगर फिरा, असं कधी म्हणते? मला वाटायचं, समेवर. पण तसं झालं तर सगळा हॉल उशिरा फिरेल! तिचे शब्द धुनेच्या आधीच्या ओळीच्या शेवटच्या दोन-चार मात्रांत बसतात. शब्द संपतो आणि समेवर पाऊल पडतं. शाळेत हलगीवर लेझीम खेळताना आमचे सर शिट्टी अशीच घाईची वाटेल इतकी आधी द्यायचे. का, ते मला इथे, इतक्या वर्षांनी कळलं.

वादकांशी तिचं बोलणं त्याआधीच सुरू झालेलं असतं. नाचात "बॅलन्स", म्हणजे पुढे-मागे ठसक्यात टाकलेली पावलं, कुठे आहे, हे ती त्यांना सांगते, कारण तिथे धुनेत ठसका हवा. चौघांची वेणी गुंफायची असेल तर धून वाहती हवी. मग फिडलवर चार ठोके पडतात. त्यांना इथे "फोर पोटॅटोज" म्हणतात, चार बटाटे! त्या ठोक्यांत लय ठरते आणि ओळी सावध होतात.

न्यू हॅम्पशायरच्या बॉब मॅकक्विलन (१९२३–२०१४) यांनी राल्फ पेज या नामवंत कॉलरच्या बँडमध्ये वाजवलं आणि पुढे नाचासाठी हजाराहून जास्त धुना रचल्या. नाचणाऱ्यांसमोर आयुष्य काढलेल्या माणसाची धून पाऊल कुठे टाकायचं ते स्वतःच सांगते, असं मला ऐकताना वाटतं.

आणि मला सर्वांत भावलं ते तिचं गप्प होत जाणं. पहिल्या आवर्तनांत पूर्ण वाक्यं, नंतर एकेक शब्द, मग तेही नाही. हॉल आता धुनेवरच चालतोय. फिडलवाला दुसऱ्या धुनेत शिरला की ओळींमधून आरोळी उठते. ध्वनिमुद्रित गाणं ठरल्या वेळी संपतं, ओळी घोटाळलेल्या असोत की रंगात आलेल्या. इथे ती बघते, ठरवते, आणि वादक तिच्याकडे बघत असतात.

त्या संध्याकाळी ती कितीतरी वेळ माइकपासून बाजूला उभी होती, टाचेने ठेका धरून. मग तिने तीन बोटं वर केली: अजून तीन आवर्तनं. पियानोवाल्याने मान हलवली, आणि डाव्या हाताचे सूर एकदम भरदार झाले.